२१४७४८३६४७ : एक मोठी मूळ संख्या स्वतः पडताळून कशी पाहावी

दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस ही संख्या संगणकाशी संबंध असलेल्या अनेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त (धन आणि ऋण दोन्ही आकडे साठवणाऱ्या) पूर्णांकाची ती कमाल मर्यादा आहे. १९७० च्या प्रारंभापासून सेकंद मोजणारी जुनी संगणकीय घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, याच आकड्यावर येऊन अडणार आहेत. गणिताच्या दृष्टीने मात्र तिचे महत्त्व वेगळे आहे. ती मूळ संख्या आहे, आणि हे स्विस गणिती लेओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये बर्नोली घराण्यातील एका गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात कळवले होते. त्या वेळी ऑयलर सेंट पीटर्सबर्गमध्ये होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली होती.

दहा अंकी संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज एकही विभाजक नाही, हे डोळ्यांनी पाहू न शकणाऱ्या माणसाने कसे ठरवले असेल? या प्रश्नाचे उत्तर ज्या पायऱ्यांनी मिळते, त्याच पायऱ्या या लेखात क्रमाने दिल्या आहेत. वही, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर एवढ्या साहित्यावर पहिला भाग, म्हणजे पहिल्या पाच पायऱ्या, पूर्ण होतो. सहाव्या पायरीपासूनच्या दुसऱ्या भागासाठी दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहिता आला तर उत्तम. लिखाणाच्या सोयीसाठी २ चा ३१ वा घात येथे २^३१ असा लिहिला आहे आणि आपल्या संख्येला ‘म’ म्हटले आहे, म्हणजे म = २^३१ − १.

पहिली पायरी : संख्येची घडण ओळखणे

२१४७४८३६४७ हे अंक नुसते पाहून काहीही कळत नाही. अंकांची बेरीज ४६ येते, म्हणून ३ ने भाग जात नाही, आणि शेवटचा अंक ७ आहे, म्हणून २ व ५ यांचा प्रश्न मिटतो. शाळेतल्या कसोट्या येथेच संपतात. हीच संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, लिहिली की ती ओळीने ३१ वेळा १ अशी दिसते, आणि तिचे जवळपास सगळे गुणधर्म या एका गोष्टीतून निघतात.

अशा, म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या, मूळ संख्यांना पॅरिसमधील धर्मगुरू मारँ मर्सेन यांच्या नावाने मर्सेन मूळ संख्या म्हणतात. घातांक संयुक्त असेल तर अशी संख्या मूळ असणे शक्य नसते. उदाहरणार्थ, १५ = ३ × ५ असल्यामुळे द्विमान पद्धतीतले पंधरा एक हे तीन-तीनच्या पाच गटांत किंवा पाच-पाचच्या तीन गटांत मांडता येतात, आणि म्हणून २^१५ − १ = ३२७६७ या संख्येला ७ ने आणि ३१ ने नि:शेष भाग जातो. ३१ हा घातांक स्वतः मूळ आहे, त्यामुळे ‘म’ या पहिल्या चाळणीतून पार पडतो.

याचा उलटा अर्थ मात्र घेऊ नये. ११ ही मूळ संख्या आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. मर्सेन यांनी १६४४ मध्ये दिलेल्या यादीत ६७ आणि २५७ हे चुकीचे घातांक शिरले होते, तर ६१, ८९ आणि १०७ हे सुटून गेले होते. ३१ हा घातांक त्यांच्या यादीत होता, पण त्याची सिद्धता ऑयलर यांच्यापर्यंत कोणाकडे नव्हती.

दुसरी पायरी : शोधाची हद्द आखणे

एखाद्या संख्येला विभाजक असतील तर त्यांपैकी सर्वांत लहान विभाजक तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा असू शकत नाही. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६०० आहे आणि ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१ आहे. ‘म’ या दोहोंच्या मध्ये पडतो, म्हणून शोध ४६३४० पर्यंतच करायचा. तरीही या हद्दीत सुमारे ४८०० मूळ संख्या आहेत. प्रत्येकीने भाग देत बसायचे ठरवले तर ते काही महिन्यांचे आणि चुकांनी भरलेले काम होईल. खरी युक्ती पुढच्या पायरीत आहे, आणि वाचकाने सर्वांत जास्त वेळ तिलाच द्यावा.

तिसरी पायरी : विभाजकाचे रूप आधीच ठरवणे

समजा भ ही विषम मूळ संख्या ‘म’ ची विभाजक आहे. याचा अर्थ २^३१ ला भ ने भागल्यास बाकी १ उरते. आता २, ४, ८, १६ असे २ चे घात घेत त्यांना भ ने भागत गेलो, तर बाक्यांची एक आवर्तने असलेली माळ तयार होते, आणि बाकी १ ज्या घातावर प्रथम येते त्याच्या पटींतच ती पुन्हा येते. ती ३१ व्या घाताला येत असेल, तर प्रथम येण्याची जागा ही ३१ ची विभाजक असली पाहिजे. ३१ मूळ असल्यामुळे ती जागा १ किंवा ३१ यांपैकीच असेल. १ असणे शक्य नाही, कारण २ ला भ ने भागून बाकी १ उरत नाही. म्हणून ती जागा ३१ च आहे.

दुसरीकडे, फर्मा यांचे लघुप्रमेय सांगते की २ च्या (भ − १) व्या घाताला भ ने भागल्यास बाकी १ उरतेच. म्हणजे भ − १ हा ३१ च्या पटीत असला पाहिजे, आणि भ विषम असल्यामुळे तो ६२ च्या पटीत असला पाहिजे. थोडक्यात, भ चे रूप ६२क + १ असेच असू शकते. ४८०० उमेदवारांपैकी बहुतेक एका ओळीत बाद झाले.

अजून एक चाळणी शिल्लक आहे. २^३१ ची बाकी १ असेल तर २^३२ ची बाकी २ असणार, आणि २^३२ हा २^१६ चा, म्हणजे ६५५३६ चा वर्ग आहे. याचा अर्थ भ च्या बाक्यांच्या जगात, म्हणजे प्रत्येक संख्येऐवजी तिला भ ने भागून उरणारी बाकीच धरली तर, २ ही एक पूर्ण वर्ग संख्या आहे. असे घडण्यासाठी भ ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरावी लागते, असे वर्गशेषांचे जुने प्रमेय आहे. ६२क + १ ला ही अट लावली की क ला ४ ने भागून बाकी ० किंवा १ असावी लागते. म्हणून भ चे रूप २४८न + १ किंवा २४८न + ६३ यांपैकी एक असले पाहिजे.

ही पायरी एकदम पटत नसेल तर ती लहान संख्येवर करून पाहावी. २०४७ साठी विभाजक २२क + १ या रूपाचा हवा. क = १ घेतल्यास २३ मिळतात, २३ ला ८ ने भागून बाकी ७ उरते, आणि २०४७ ला २३ ने खरोखरच भाग जातो. २^२३ − १ = ८३८८६०७ या संख्येसाठी ४६क + १ हवा, पहिलाच उमेदवार ४७ आहे, आणि ८३८८६०७ = ४७ × १७८४८१.

चौथी पायरी : उरलेल्या उमेदवारांची यादी

४६३४० पर्यंत २४८न + १ या रूपाच्या १८६ आणि २४८न + ६३ या रूपाच्या, ६३ स्वतः धरून, १८७ संख्या आहेत, म्हणजे एकूण ३७३. त्यांतल्याही बऱ्याच संयुक्त आहेत आणि त्या वगळायच्या. यादी अशी सुरू होते : ६३ (७ ने भाग जातो), २४९ (३ ने), ३११ मूळ, ४९७ (७ ने), ५५९ (१३ ने), ७४५ (५ ने), ८०७ (३ ने), ९९३ (३ ने), १०५५ (५ ने), १२४१ (१७ ने), १३०३ मूळ, १४८९ मूळ. मूळ संख्या अशा रांगांमध्ये साधारण सारख्याच वाटल्या जातात, आणि २४८ शी सहमूळ (१ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या) अशा १२० बाक्यांपैकी आपल्याला दोनच हव्या आहेत. त्या हिशेबाने प्रत्यक्ष भागाकार करण्याजोगे उमेदवार सुमारे ८० च राहतात. दिवसाकाठी दहा केले तरी आठ-नऊ दिवसांत काम संपते.

पाचवी पायरी : भागाकार न करता भाग जातो का ते पाहणे

येथे दहा अंकी संख्येला हात लावण्याचीही गरज नाही. वर पाहिल्याप्रमाणे, भ ने ‘म’ ला भाग जात असेल तर ६५५३६ च्या बाकीचा वर्ग करून पुन्हा भ ने भागल्यावर बाकी २ आली पाहिजे. ती आली नाही तर उमेदवार बाद.

३११ साठी ६५५३६ ची बाकी २२६ येते. तिच्याऐवजी −८५ घ्यावे म्हणजे वर्ग लहान राहतो. ८५ चा वर्ग ७२२५ आणि त्याची ३११ ने बाकी ७२. ही २ नाही, म्हणून ३११ बाद. १३०३ साठी ६५५३६ ची बाकी ३८६, तिच्या वर्गाची बाकी ४५४, बाद. १४८९ साठी तर ६५५३६ ची बाकी केवळ २० आहे, तिचा वर्ग ४००, बाद. प्रत्येक उमेदवारासाठी दोन भागाकार आणि एक वर्ग एवढेच करावे लागते, आणि तेही पाच अंकी आकड्यांनी. यादी संपेपर्यंत एकदाही २ मिळत नाही. ‘म’ मूळ असल्याची ही पूर्ण सिद्धता आहे. तीत कोणताही ‘बहुधा’ नाही.

सहावी पायरी : ल्युका–लेहमर चाचणी

वरील पद्धत ३१ या घातांकाला पुरते, पण १२७ ला पुरत नाही, कारण २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या आहे. तिच्यासाठी एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये वेगळाच मार्ग वापरला आणि पुढे डी. एच. लेहमर यांनी १९३० च्या सुमारास त्याला आजचे सुटसुटीत रूप दिले. कृती अशी आहे : ४ पासून सुरुवात करावी. प्रत्येक वेळी हातातील संख्येचा वर्ग करून २ वजा करावेत आणि तपासायच्या मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवावी. घातांकातून २ वजा करून येईल तितक्या वेळा हे केल्यावर बाकी ० आली तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त.

१२७ = २^७ − १ साठी पाच वेळा करायचे : ४, १४, ६७, ४२, १११, ०. शेवटी शून्य, म्हणून मूळ. २०४७ साठी नऊ वेळा करायचे : ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणून संयुक्त. गंमत अशी की २०४७ चे अवयव कोणते, हे या चाचणीला कधीच कळत नाही. तिला फक्त निकाल कळतो.

‘म’ साठी वर्ग २९ वेळा करावा लागतो. सुरुवात ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४ अशी सोपी आहे, कारण तोवर ‘म’ ओलांडला जात नाही. पुढचा वर्ग एकोणीस अंकी होतो. येथे द्विमान घडण उपयोगी पडते : २^३१ ची ‘म’ ने बाकी १ असल्यामुळे मोठी संख्या २^३१ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज केली की झाले. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर वरचे बिट कापून खालच्या ३१ बिटांत मिळवायचे, खरा भागाकार करायचाच नाही. १४१६३१७९५४ ऐवजी −७३११६५६९३ घेतले तर वर्ग ५३४६०३२७०६२०१७०२४९ येतो. त्याला २१४७४८३६४८ ने भागल्यास भागाकार २४८९४४०४७ आणि बाकी ४२०७२६७९३. त्यांची बेरीज ६६९६७०८४०, त्यातून २ वजा करून पुढची संख्या ६६९६७०८३८.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हा आकडा आधी जुळवून पाहावा. स्प्रेडशीटमध्ये ही चाचणी मांडली तर नेमकी याच ठिकाणी चूक शिरते, कारण तेथे आकड्यांची अचूकता पंधरा अंकांपर्यंतच असते. वर्ग वरवर बरोबर दिसतो, शेवटचे तीन-चार अंक मात्र खोटे असतात, आणि त्यानंतरच्या साऱ्या ओळी निरर्थक ठरतात. ६४ बिटांचा पूर्णांक प्रकार वापरल्यास वर्ग त्यात मावतो. शेवटून दुसरी संख्या तपासण्याचीही एक सोय आहे. शेवटी शून्य येण्यासाठी तिच्या वर्गाची बाकी २ असावी लागते, म्हणून ती ६५५३६ किंवा त्याचे ऋण रूप २१४७४१८१११ यांपैकीच एक असते. १२७ च्या माळेतला १११ हा −१६ च आहे, आणि १६ चा वर्ग २५६ ला १२७ ने भागल्यास बाकी २ उरते, हे लगेच पडताळता येते.

एका लोकप्रिय चाचणीपासून येथे सावध राहावे. संख्येतून १ वजा करून तो २ चा घातांक घ्यायचा आणि बाकी १ येते का ते पाहायचे, ही फर्मा चाचणी आधार २ वर मर्सेन संख्यांसाठी काहीच सांगत नाही. २०४६ ला ११ ने भाग जातो, त्यामुळे २ च्या २०४६ व्या घाताची २०४७ ने बाकी १ च येते, आणि संयुक्त असूनही २०४७ उत्तीर्ण होते. घातांक मूळ असलेली प्रत्येक मर्सेन संख्या ही चाचणी पार करते. मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कानपूरच्या आयआयटीमध्ये २००२ साली दिलेली पद्धत कोणत्याही संख्येला लागू पडते आणि सिद्धांत म्हणून ती फार मोलाची आहे, पण मर्सेन संख्यांसाठी व्यवहारात ल्युका–लेहमर चाचणीच कितीतरी वेगवान ठरते.

सातवी पायरी : मूळ असल्याचे कळल्यावर पुढे काय

‘म’ मधून १ वजा केल्यास २१४७४८३६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. एवढ्या लहान अवयवांमुळे ‘म’ च्या बाक्यांचे जग अगदी उलगडून पाहता येते. २ चे घात घेत गेलो तर ३१ व्या घाताला बाकी पुन्हा १ येते, म्हणजे ही माळ फारच तोकडी. ७ चे घात घेतल्यास मात्र १ पासून म − १ पर्यंतची प्रत्येक बाकी एकदा येऊन गेल्याखेरीज माळ पुन्हा सुरू होत नाही. हा गुण असलेली ७ ही येथे सर्वांत लहान संख्या आहे.

यादृच्छिक संख्या तयार करण्याच्या एका जुन्या आणि प्रसिद्ध कृतीचा पाया हाच आहे. ७^५ = १६८०७ घ्यायचे; ५ हा म − १ शी सहमूळ असल्यामुळे माळ तितकीच लांब राहते. आधीच्या संख्येला १६८०७ ने गुणून ‘म’ ने बाकी काढली की पुढची संख्या मिळते. स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी १९८८ मध्ये ही कृती किमान दर्जा म्हणून सुचवली आणि तपासणीसाठी एक आकडाही दिला : १ पासून सुरू केल्यास दहा हजार पायऱ्यांनंतर १०४३६१८०६५ आला पाहिजे. सुरुवातीची संख्या ० घेऊ नये, कारण मग सगळे शून्यच येत राहते. गुणाकार ३२ बिटांत मावत नाही, हेही ध्यानात ठेवावे. गुप्तलेखनासाठी ही कृती वापरू नये, कारण एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.

‘म’ ला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते, म्हणून तो दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. याच कारणाने या जगात वर्गमूळ काढणे मात्र सोपे होते : ज्या बाकीला वर्गमूळ आहे तिचा २^२९ वा घात घ्यावा, म्हणजे लागोपाठ २९ वेळा नुसता वर्ग करावा, की वर्गमूळ हाती येते. परिपूर्ण संख्यांशी असलेले नाते तर युक्लिडइतके जुने आहे. २^३० × म = २३०५८४३००८१३९९५२१२८ या संख्येचे, ती स्वतः सोडून, सगळे विभाजक मिळवले तर तीच संख्या परत मिळते. इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये असे लिहून ठेवले होते की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही, कारण अशा निरुपयोगी गोष्टीच्या मागे कोणी लागणारच नाही. ‘म’ हा ज्ञात मूळ संख्यांमध्ये सर्वांत मोठा राहिला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. आज तो मान २^१३६२७९८४१ − १ या ४,१०,२४,३२० अंकी संख्येकडे आहे, जी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली.

शेवटचा प्रयोग वाचकाने तिसऱ्या पायरीचा नियम घेऊन स्वतः करून पाहावा. ३१ स्वतः २^५ − १ आहे, म्हणजे मर्सेन मूळ संख्याच घातांक म्हणून घेतल्यावर ‘म’ मिळाला. ३, ७, ३१ आणि १२७ हे घातांक घेतल्यास दरवेळी मूळ संख्याच मिळते. मग ‘म’ हाच घातांक घेऊन २^म − १ ही संख्या मूळ असेल का? तिला ६४,६४,५६,९९३ अंक आहेत. तिचा विभाजक २ × म × क + १ या रूपाचा असला पाहिजे, आणि ‘म’ ला ८ ने भागून बाकी ७ उरत असल्यामुळे क ला ४ ने भागून बाकी ० किंवा १ असावी लागते. क = ६८७४५ घेऊन पाहावे. त्याला ४ ने भागल्यास बाकी १ उरते आणि उमेदवार मिळतो २९५२५७५२६६२६०३१. हा पंधरा अंकी आकडा त्या पासष्ट कोटी अंकी संख्येला नि:शेष भागतो. २ चे घात ३१ वेळा वर्ग करत करत वाढवायचे, दरवेळी याच आकड्याने बाकी काढायची, शेवटी २^(म + १) ची बाकी २ येते का ते पाहायचे, आणि साधा प्रोग्रॅम ते क्षणात करतो. फक्त येथे मधले वर्ग एकोणतीस अंकांपर्यंत जातात, त्यामुळे ६४ बिटांचा पूर्णांक अपुरा पडतो आणि मोठ्या पूर्णांकांची सोय असलेली भाषा घ्यावी लागते.